शिफ्ट-डिलीटने गेलेल्या फाइली: पुसल्या जाण्याआधी काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. डीटीपीच्या ऑफिसात विंडोज ११ चा कॉम्प्युटर आहे. सी ड्राइव्ह एसएसडीवर (चिपवर डेटा ठेवणारी, न फिरणारी डिस्क) आणि कामाचा डी ड्राइव्ह वेगळ्या १ टीबी हार्ड डिस्कवर. डीवरचं एका ग्राहकाचं अख्खं फोल्डर शिफ्ट-डिलीटने, म्हणजे रिसायकल बिनमध्ये न जाता, उडालं. त्यातल्या काही फाइली पेन ड्राइव्हवर होत्या, त्याही साफसफाईत गेल्या. आता रिकव्हरीचं सॉफ्टवेअर टाकावं का, आणि पुढे असं होऊ नये म्हणून काय करून ठेवावं?

आधी तातडीचं. डीवर आता एक अक्षरही लिहिलं जाता कामा नये. सी वेगळ्या डिस्कवर आहे म्हणून सीवर काम चालू ठेवलं तर काय बिघडतं, असं वाटेल. डीटीपीच्या कॉम्प्युटरवर नेमकं तिथेच बिघडतं. फोटोशॉपची स्क्रॅच डिस्क बहुतेक ठिकाणी डीला दिलेली असते, कोरलड्रॉची स्वॅप डिस्कही. चार-पाच मोठ्या फाइली उघडल्या की काही जीबीचा तात्पुरता डेटा डीवरच्या रिकाम्या जागेत जातो. ब्राउझरचं डाउनलोड फोल्डर किंवा गुगल ड्राइव्हचं फोल्डर डीवर हलवलेलं असलं तर तेही लिहीत राहतं. यापेक्षा वाईट म्हणजे विंडोज दर आठवड्याला आपोआप ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्हज’ चालवतं. हार्ड डिस्कवर त्याचा अर्थ डीफ्रॅग: चालू फाइलींचे तुकडे उचलून रिकाम्या जागेत नेऊन ठेवणं. ती रिकामी जागा म्हणजेच तुमचं उडालेलं फोल्डर. म्हणून कॉम्प्युटर बंद करा, डीची साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) काढा, मग हवं तर सीवरून बाकीचं काम चालू द्या. पेन ड्राइव्हही काढून बाजूला ठेवा, त्याला कुणी हात लावणार नाही असं बघा.

फोल्डर सीवर असतं आणि सी हार्ड डिस्क असती, तर नेहमीसारखं शटडाउनही करू नका असं सांगितलं असतं. बंद होताना विंडोज अपडेट बसवत बसतं आणि लॉग लिहितं. अशा वेळी पॉवरचं बटण दाबून धरून बंद करणं परवडतं.

आता या घाईचं कारण. विंडोजच्या एनटीएफएस (फाइली मांडून ठेवण्याची विंडोजची नेहमीची पद्धत) ड्राइव्हवर प्रत्येक फाइलीची एक नोंद मास्टर फाइल टेबलमध्ये असते, साधारण १०२४ बाइटची. त्यात नाव, तारखा, आकार आणि डेटा डिस्कच्या कुठल्या क्लस्टरमध्ये (डिस्कवरच्या जागेच्या छोट्या कप्प्यात) आहे त्याचा पत्ता असतो. फाइल उडवली की त्या नोंदीवरची ‘वापरात आहे’ ही खूण निघते आणि ते क्लस्टर रिकामे म्हणून जाहीर होतात. डेटा जागच्या जागी असतो. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं तरी जमीन तिथेच असते, तसं. धोका दुहेरी आहे: नवी फाइल ती नोंद वापरू शकते (मग नाव आणि पत्ता जातो) किंवा ते क्लस्टर वापरू शकते (मग मजकूर जातो). पहिलं झालं तर नाव नसलेली फाइल तरी शोधता येते. दुसरं झालं की ती फाइल गेली. पुन्हा लिहिलेल्या जागेखालचा जुना डेटा वाचून देतो असं कुणी म्हणालं तर त्याला पैसे देऊ नका.

पेन ड्राइव्हची गोष्ट जरा वेगळी. तो बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट या वेगळ्या मांडणीचा असतो. फॅट३२ मध्ये फाइल उडवली की डिरेक्टरीतल्या नोंदीचा पहिला बाइट ई५ होतो आणि क्लस्टरची साखळी शून्य होते. म्हणजे फाइल सुरू कुठून होते ते बहुधा कळतं, पुढचा तुकडा कुठे ते कळत नाही. फाइल सलग लिहिलेली असेल तर पूर्ण मिळते. सतत भरून-पुसून वापरलेल्या पेन ड्राइव्हवर तुकडे विखुरलेले असतात, तिथे पहिला भाग बरा आणि पुढे भलताच डेटा असं होतं. देवनागरी नावांची मात्र काळजी नको. लांब नावं दोन्हीकडे युनिकोडमध्ये ठेवलेली असतात, त्यामुळे ती बहुतेक वेळा जशीच्या तशी परत येतात.

एसएसडीवर हे सगळं गणित कोसळतं. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, फाइल कायमची उडताच विंडोज एसएसडीला ट्रिमचा आदेश देतं: हे ब्लॉक आता नकोत. त्यानंतर ती जागा वाचायला गेलं तर बहुतेक एसएसडी सरळ शून्यं परत करतात. मास्टर फाइल टेबलमधली नोंद शाबूत असते, म्हणून रिकव्हरीचं सॉफ्टवेअर नाव, तारीख, आकार सगळं व्यवस्थित दाखवतं, हिरवा ‘उत्तम स्थिती’चा ठिपकाही दाखवतं, आणि फाइल काढली की आत फक्त शून्यं. यात लोक महिनाभर एकामागून एक सॉफ्टवेअर बदलत बसतात. एचएक्सडीसारख्या मोफत हेक्स एडिटरमध्ये (फाइलीतले कच्चे बाइट दाखवणारा प्रोग्रॅम) ती फाइल उघडा. पहिल्यापासून शेवटपर्यंत ०० ०० ०० दिसलं तर दुसरं सॉफ्टवेअर विकत घेऊन काही होणार नाही. डिलीट झाल्यावर धावत जाऊन ट्रिम बंद करण्याचा सल्लाही निरुपयोगी आहे, आदेश तेव्हाच गेलेला असतो. ट्रिम चालू आहे की नाही हे बघायचं तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एफएसयुटिल बिहेवियर क्वेरी डिसेबलडिलीटनोटिफाय’ ही कमांड द्या. उत्तर ० आलं तर ट्रिम चालू, १ आलं तर बंद. काही शिंगल्ड पद्धतीच्या (डेटाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) हार्ड डिस्कही ट्रिम घेतात, त्यामुळे ‘माझी हार्ड डिस्कच आहे’ म्हणून निर्धास्त राहू नका, मॉडेल नंबर टाकून बघा.

एक गोष्ट मात्र एसएसडीवरही आपल्या बाजूने आहे. फाइल रिसायकल बिनमध्ये जाणं म्हणजे फक्त जागा बदलणं, त्यात ट्रिम होत नाही. बिन रिकामा केला की होतो. म्हणून एसएसडीवर बिन हाच खरा बचाव आहे, त्याबद्दल पुढे सांगतो.

आता तुमचा डी. सॉफ्टवेअर चालवण्याआधी ऑफिसातच प्रती शोधा, यात अर्धं काम होतं. ग्राहकाला मेलने पाठवलेलं प्रूफ, प्रेसला पाठवलेली पीडीएफ, व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून गेलेली फाइल. प्रेसच्या पीडीएफमधून कोरलमध्ये मजकूर परत घेताना तो फॉन्टऐवजी वक्ररेषांत बदललेला असू शकतो, पण मांडणी आणि चित्रं मिळतात. यादी करा: काय मिळालं, काय खरंच हवं आहे. शंभर फाइलींतल्या सहाच हव्या असतात हे तेव्हा लक्षात येतं.

मग डिस्कची इमेज घ्या, म्हणजे रिकाम्या जागेसकट पूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत एका फाइलीत. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला साटा ते यूएसबी अडॅप्टरने जोडा. ‘डिस्क फॉरमॅट करायची का’ असं विंडोजने विचारलं तर कॅन्सल. ‘एरर तपासायच्या का’ विचारलं तरी नाही. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) चुकूनही चालवू नका, ते टेबल ‘दुरुस्त’ करताना उडालेल्या नोंदी मोडून टाकतं. विंडोजला डिस्क जोडली की ते स्वतःही थोडं लिहितं, म्हणून जमत असेल तर लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता चालणारं लिनक्स) बूट करा, डिस्क माउंट न करता (म्हणजे ड्राइव्ह म्हणून न उघडता) जीएनयू डीडीरेस्क्यू या मोफत प्रोग्रॅमने इमेज घ्या आणि त्याला मॅपफाइल (किती वाचून झालं याची नोंद) जरूर द्या. वीज गेली, केबल हलली तरी मॅपफाइलमुळे काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. आपल्याकडच्या लोडशेडिंगमध्ये ही सोय फार मोलाची आहे. पहिली फेरी खराब सेक्टर (डिस्कवरचे न वाचता येणारे तुकडे) सोडून, दुसरी फेरी फक्त राहिलेल्या सेक्टरांवर तीन प्रयत्नांची.

इमेज ठेवायची डिस्क मूळ डिस्कपेक्षा मोठी हवी आणि एनटीएफएस किंवा एक्सफॅट हवी. फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होत नाही, इमेज तिथेच अडते. वेळ किती? यूएसबी ३ वर सेकंदाला १०० एमबी मिळाले तर १ टीबीला पावणेतीन तास. यूएसबी २ चं पोर्ट असेल तर आठ-नऊ तास धरा. मधेच वेग काही केबींवर आला किंवा डिस्क टकटक वाजायला लागली तर वीज काढा आणि डिस्क रिकव्हरी लॅबमध्ये द्या. वाजणारी डिस्क ‘अजून एकदा’ चालवून बघण्यात हेड (वाचणारी सुई) घासून प्लेटरच (डेटाची फिरती तबकडी) खराब होते. डिस्क देताना तिच्यात ग्राहकांची ओळखपत्रं, बँकेचे कागद असतील तर गोपनीयतेचं लेखी घ्या आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी शोधून ठेवा. तिच्याशिवाय इमेज निरर्थक आहे.

मूळ डिस्क आता कपाटात. पुढचं सगळं इमेजवर.

शोधण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी नेहमी टेबलवरून शोध, म्हणजे फोल्डरची रचना आणि नावं टिकतात. डीएमडीई हे रिकव्हरीचं सॉफ्टवेअर इमेज थेट उघडतं आणि त्याची मोफत आवृत्ती उघडलेल्या फोल्डरमधून एका वेळी ४००० फाइलींपर्यंत काढून देते, एका ग्राहकाच्या कामाला ते पुष्कळ झालं. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं मोफत विंडोज फाइल रिकव्हरीही आहे, पण ते कमांडवर चालतं. त्यात एनटीएफएसवर नुकत्याच उडालेल्या फाइलींना रेग्युलर मोड आणि फॉरमॅट झालेल्या किंवा फॅट, एक्सफॅट ड्राइव्हला एक्स्टेन्सिव्ह मोड वापरायचा. फाइली काढायचा ड्राइव्ह वेगळाच द्यावा लागतो, तोच दिला तर ते चालत नाही. ही अट बाकी सॉफ्टवेअरमध्ये सक्तीची नसते, तिथे ती तुम्ही स्वतः पाळा. विकतच्या सॉफ्टवेअरची डेमो आवृत्ती आधी चालवा, प्रीव्ह्यूमध्ये पान उघडलेलं दिसलं तरच पैसे भरा.

कोरल सेव्ह करताना ‘बॅकअप ऑफ’ या नावाने आधीची प्रत त्याच फोल्डरमध्ये ठेवतं. फोल्डरबरोबर तीही गेली, पण ती डिस्कवर दुसऱ्या जागी लिहिलेली होती. मूळ फाइल फुटकी निघाली तर ही उघडून बघा, एकाच कामाची ही दुसरी संधी आहे. वर्डच्या बाबतीत असंच: सेव्ह करताना वर्ड जुनी प्रत टेंप नावाने बाजूला करून मग उडवतं. म्हणून डीओसीएक्स खराब आली तर त्याच फोल्डरमधल्या, टिल्ड चिन्हाने (~) सुरू होणाऱ्या टेंप फाइली काढा आणि एक्सटेन्शन डीओसीएक्स करून उघडून बघा.

टेबलमधून नाही मिळालं तर कार्व्हिंग, म्हणजे नाव-पत्ता सोडून डिस्कवर फाइलीच्या सुरुवातीच्या खुणा शोधणं. जेपेग एफएफ डी८ एफएफ या बाइटांनी सुरू होते, झिप ‘पीके’ या अक्षरांनी. फोटोरेक हे काम मोफत आणि चांगलं करतं. त्यात विभाजन (पार्टिशन) निवडल्यावर ‘फ्री’ निवडा, म्हणजे फक्त रिकाम्या जागेत शोध होतो. ‘होल’ निवडलं तर चालू फाइलीही पुन्हा निघतात आणि ढिगात हरवायला होतं. फाइल टाइपच्या यादीत सगळ्यांवरची खूण काढून हव्या त्याच ठेवा. निकाल दर फोल्डरमध्ये ५०० फाइली असे पडतात, नावं आकड्यांची. कोरल एक्स४ पासूनच्या फाइली आतून झिपच असतात, डीओसीएक्सही तसंच. म्हणून कार्व्हिंगमध्ये काही कामं झिप म्हणून निघतात. उघडून आत काय आहे ते बघा आणि एक्सटेन्शन बदला.

हजारो बेनाव फाइलींत मजकुरावरून शोधायचं असेल तर मराठीची एक अडचण आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर फाइलीत देवनागरी म्हणून नसतोच, तो रोमन अक्षरं आणि चिन्हांच्या रूपात असतो. ‘लग्नपत्रिका’ असं युनिकोडमध्ये शोधलं तर शून्य निकाल येतो आणि फाइल गेली असं वाटतं. त्याच फॉन्टमध्ये तो शब्द टाइप करा, साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा, जी अगम्य अक्षरं दिसतील ती शोधा. त्यातही डीओसीएक्स आणि नव्या कोरल फाइलींचा मजकूर दाबून भरलेला असतो, कच्च्या बाइटांत तो सापडत नाही. जुन्या डीओसी, आरटीएफ आणि साध्या टेक्स्ट फाइलींवर ही युक्ती चालते.

काढलेली प्रत्येक फाइल उघडून बघा, नुसत्या आकारावर विश्वास ठेवू नका. फोटो वरून बरा आणि खालून राखाडी म्हणजे मधले क्लस्टर दुसऱ्या फाइलीने घेतले. असे फोटो ‘दुरुस्त’ करून मिळत नाहीत, खालचा भाग अस्तित्वातच नसतो. पेन ड्राइव्हसाठी हेच सगळं, फक्त इमेज घ्यायला काही मिनिटं. कॅमेऱ्याचं एसडी कार्ड असेल तर बाजूची लॉकची खिटी सरकवूनच रीडरमध्ये घाला. कार्डावरचे फोटो बरेचदा सलग असतात म्हणून चांगले निघतात, लांब व्हिडिओ तुकड्यांत असतात आणि क्वचितच पूर्ण चालतात.

आता पुढची सोय, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रिकव्हरी नशिबावर असते, सोय आपल्या हातात असते.

रिसायकल बिन प्रत्येक ड्राइव्हचा वेगळा असतो आणि त्याला मर्यादा असते. विंडोज स्वतःहून पहिल्या ४० जीबीचे १० टक्के आणि त्यापुढच्या जागेचे ५ टक्के देतं, म्हणजे १ टीबी डिस्कला साधारण ४८ जीबी. ती भरली की सगळ्यात जुनी फाइल न विचारता कायमची जाते. एकाच वेळी त्याहून मोठं फोल्डर उडवलं तर ‘हे बिनमध्ये मावत नाही, कायमचं उडवू का’ असा प्रश्न येतो आणि सवयीने ‘हो’ दाबलं जातं. बिनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डी निवडा, कस्टम साइजमध्ये १०२४०० एमबी, म्हणजे १०० जीबी द्या. खालची ‘डिलीटची खात्री करून घ्या’ ही खूण चालू करा. मग सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेजमध्ये जाऊन स्टोरेज सेन्स (विंडोजची आपोआप सफाई) बघा. तो चालू असेल तर बिनमधल्या ३० दिवसांपेक्षा जुन्या फाइली आपोआप उडवतो. बिनसाठी ‘नेव्हर’ करा. सफाईची बाहेरची सॉफ्टवेअर असतील तर त्यांतलीही बिनची खूण काढा.

कशाकशाला बिन मिळतच नाही हे ऑफिसात सगळ्यांना माहीत हवं: शिफ्ट-डिलीट, पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड, नेटवर्कवरचं शेअर्ड फोल्डर, कमांडने उडवलेलं, आणि एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर कट-पेस्ट केलेलं. जुन्या फाइलीवर त्याच नावाने नवी सेव्ह केली तरी बिनला पत्ता लागत नाही. पेन ड्राइव्हवर फाइल उघडून काम करण्याची पद्धत बंद करा. डीवर कॉपी, डीवर काम, मग परत कॉपी.

झालेली कामं ‘पूर्ण’ नावाच्या फोल्डरमध्ये हलवा आणि सिक्युरिटी टॅबमधून ऑपरेटरच्या लॉगिनला तिथे फक्त वाचण्याची परवानगी ठेवा, शिफ्ट-डिलीट तिथे चालणारच नाही. ही परवानगी चालू कामाच्या फोल्डरवर लावू नका. वर्डसारखे प्रोग्रॅम सेव्ह करताना टेंप फाइल लिहितात आणि जुनी उडवतात, डिलीटचा हक्क नसेल तर सेव्हच अडतं.

चालू कामासाठी फाइल हिस्टरी लावा, वेगळ्या डिस्कवर. ती दर तासाला बदललेल्या फाइलींच्या आवृत्त्या ठेवते, त्यामुळे चुकून वर सेव्ह केलेली फाइलही परत मिळते. विंडोज ११ मध्ये ती कंट्रोल पॅनेलमध्ये आहे. ती फक्त लायब्ररी, डेस्कटॉप वगैरेच घेते. डीवरचं फोल्डर तिला आपोआप दिसत नाही. फोल्डरवर राइट क्लिक करून ‘शो मोअर ऑप्शन्स’मधून ‘इन्क्लूड इन लायब्ररी’ करा, मगच ते घेतलं जातं. हे न केल्यामुळे फाइल हिस्टरी चालू असूनही कामाचं काहीच नाही, असं फार होतं.

रात्रीचा बॅकअप रोबोकॉपीच्या (विंडोजची कॉपीची कमांड) मिरर पर्यायाने घेत असाल तर तो बदला. मिरर म्हणजे मूळ जागी जे नाही ते बॅकअपमधूनही काढणं. आज उडालेलं फोल्डर आज रात्री बॅकअपमधूनही उडतं. फ्रीफाइलसिंक या बॅकअपच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उडालेल्या फाइलींसाठी ‘व्हर्जनिंग’ निवडा, त्या वेगळ्या फोल्डरमध्ये जमा होतात. क्लाउडवरही डिलीट सगळीकडे पसरतं, फक्त तिथे मुदत असते: गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस, वैयक्तिक वनड्राइव्हमध्ये ३० दिवस, ऑफिस किंवा शाळेच्या वनड्राइव्हमध्ये ९३ दिवस. कंपनीचं गुगल वर्कस्पेस असेल तर ट्रॅश रिकामा झाल्यावरही अ‍ॅडमिनला आणखी २५ दिवस परत आणता येतं. ती वेळ उलटण्याआधी अ‍ॅडमिनला फोन करा, मेल करून वाट बघू नका.

शेअर्ड फोल्डर नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या डब्यावर) असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये त्या फोल्डरचा नेटवर्क रिसायकल बिन चालू करा आणि तो रिकामा करण्याचा हक्क फक्त अ‍ॅडमिनला ठेवा. विंडोज सर्व्हर असेल तर शॅडो कॉपी (ठरलेल्या वेळी ड्राइव्हची आपोआप राखली जाणारी जुनी प्रत) लावा. तिचं ठरलेलं वेळापत्रक सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ आणि दुपारी १२ असं असतं. तुमचं काम रात्री आणि शनिवारीही चालत असेल तर संध्याकाळची आणि शनिवारची वेळ त्यात घाला. एका ड्राइव्हवर अशा ६४ प्रती राहतात, त्यानंतर जुनी जाते. दिवसाला तीन घेतल्या तर हाती तीन आठवडे मिळतात.